फूल आकाशात किती वेळ टिकतं?

प्रश्न उदगीरकडच्या एका तरुणाचा आहे. त्यांच्या गावच्या जत्रेत दरवर्षी वर्गणीतून शोभेची दारू उडते. गेल्या वर्षी मंडळानं वर्गणी दुप्पट केली, माल दुप्पट आणला, तरी "नुसता धूर न् चकचकाट झाला, सोलापूरच्या गड्ड्याची सर काही आली नाही" असं त्यांचं म्हणणं. गड्डा म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा. शिवाय तीन गोष्टी विचारल्यात. आकाशातले प्रकार ओळखायचे कसे, निळा रंग कायम फिकाच का, आणि येत्या जत्रेला दोन-चार औट, म्हणजे आकाशात जाऊन फुटणारे दारूचे गोळे, घरीच भरले तर चालतील का.

शेवटच्याचं उत्तर आधी देतो. नाही चालणार. परवाना नसताना शोभेची दारू बनवणं हा 1884 च्या स्फोटक कायद्याखाली गुन्हा आहे, पण मी कायद्याच्या धाकानं सांगत नाही. माझ्या चुलत्यांनी अख्खा जन्म परवान्याच्या कारखान्यात काढला. हाताखाली माणसं तयार केली, स्वतः कधी घाई केली नाही, तरी त्यांच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. मिश्रणाला घर्षण चालत नाही, ठिणगी चालत नाही, चुकीचं भांडं चालत नाही, कधी कधी नुसती ओलसुद्धा चालत नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघून हे समजत नाही. धाराशिव जिल्ह्यात वाशी तालुक्यातलं तेरखेडा फटाक्यांचं गाव म्हणून सगळ्या मराठवाड्याला माहीत आहे. तिथल्या जुन्या माणसांशी दहा मिनिटं बोललात, तर घरी भरायची हौस आपोआप फिटेल. हौस करायचीच तर बघण्याची करा आणि लावण्याची करा. त्यातच जन्म जाईल इतकं आहे.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडं येतो. पैसे दुप्पट आणि मजा निम्मी, हे मी तीस वर्षांत पन्नास गावांत पाहिलंय. मंडळाची पोरं दुकानात जाऊन विचारतात, "किती शॉटचं आहे?" साठ शॉट, शंभर शॉट, दोनशे चाळीस शॉट. हा प्रश्नच चुकलाय. विचारायचं ते असं, की यातलं एकेक फूल आकाशात किती वेळ राहतं? आकाशातली दारू रंगांची कला आहे असं लोकांना वाटतं. माझ्या मते ती वेळेची कला आहे, रंग नंतर येतो.

तुम्ही उदगीरचे, म्हणजे येळवस, आपली वेळ अमावस्या, तुम्हाला सांगायला नको. दिवसभर रानात भज्जी-आंबील झाली, की संध्याकाळी पेटता हेंडगा, गवताचा पेटवलेला जुडगा, घेऊन पोरं वावराभोवती पळतात. लांबून बघणाऱ्याला ठिपका दिसत नाही, विस्तवाची रेघ दिसते. विस्तव तर एका क्षणी एकाच जागी असतो, मग रेघ कुठून आली? ती आपल्या डोळ्यात उमटते. डोळा पाहिलेला उजेड लगेच सोडत नाही, सेकंदाचा दहावा भाग धरून ठेवतो. आणि हेंडग्यातून गवताच्या ठिणग्या मागं सांडत असतील, तर दुसरी एक रेघ दिसते, ती खरीच हवेत असते. आकाशातले निम्मे प्रकार या दोन रेघांच्या फरकावर उभे आहेत.

औटाच्या पोटात बोराएवढ्या गोळ्या असतात. त्यांना आमच्यात तारे म्हणतात. औट वर जातो, पोचता पोचता त्याच्या आतली वात संपते, मधली दारू फुटते आणि तारे पेटून चहूबाजूंना सारख्या वेगानं सुटतात. वेग सारखा म्हणून गोळा होतो. गोळा कुठूनही गोलच दिसतो, त्यामुळं पाराजवळच्या माणसाला आणि दूर शेतातल्या आखाड्यावर राहिलेल्या माणसाला एकच फूल दिसतं. ताऱ्यानं मागं काही सांडलं नाही, नुसता रंगीत ठिपका पळाला, तर त्या फुलाला जगभर पिऑनी म्हणतात. ते झाड आपल्याकडं कुणी पाहिलेलं नाही, म्हणून मी पोरांना 'ठिपक्यांचं फूल' असं शिकवतो. ताऱ्यानं मागं ठिणग्या सोडल्या, म्हणजे मधल्या देठापासून टोकापर्यंत पाकळी दिसली, तर ती शेवंती. हे नाव मी दिलेलं नाही. जपानी कारागीरही त्याला शेवंतीच म्हणतात, आणि गोल औटात त्यांचा हात धरणारा कुणी नाही.

हा फरक एकदा डोळ्यात बसला की बाकीचे प्रकार भराभर कळतात. तारे थोडेच, पण जाड आणि लांब शेपटीचे असले तर ताडाच्या झावळ्या. ताऱ्यात कोळसा जास्त, जळायला सावकाश, सोनेरी ठिणग्या जमिनीकडं ओघळत येताहेत, तर तो विलो. आमच्या लेकरांनी त्याला 'पारंब्या' नाव पाडलंय, मला ते मूळ नावापेक्षा आवडतं. एकेक तारा उडता उडता मध्येच चार दिशांना फुटून आकाशात फुल्या काढतो, तो क्रॉसेट. चमकून विझतो, परत चमकतो, तो स्ट्रोब. त्यात तारा सलग जळतच नाही, धुमसतो आणि झळकतो, धुमसतो आणि झळकतो. शेवटी तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज आला की क्रॅकल. हृदयाच्या आकाराचे औट लग्नात फार मागतात. त्याबद्दल एवढंच सांगतो, की औट वर जाताना कोणत्या अंगावर फिरेल ते कुणाच्या हातात नसतं. गोळा कुठूनही गोल दिसतो, पण हृदय सपाट असतं. ते आडवं पडलं तर वऱ्हाडाला नुसती काडी दिसते. म्हणून ते तीन-चार एकदम सोडायचे, एखादं तरी समोर तोंड करतं.

आता वेळ मोजा. ठिपक्यांचं फूल दीड-दोन सेकंदांत संपतं. शेवंती थोडी जास्त राहते. पारंब्या पाच-सात सेकंद लोंबतात, मोठा औट असेल तर त्याहून जास्त. तुमच्या मंडळानं काय केलं असेल, ते मला न बघताच सांगता येतं. पाच केक, म्हणजे एकाच वातीवर एकामागून एक शॉट सोडणाऱ्या पेट्या, एकदम पेटवले. एका केकचे तीस शॉट तीस सेकंदांत गेले म्हणजे पाच केकचे दीडशेही तीसच सेकंदांत गेले. एक फूल उमलायच्या आत दुसरं त्याच्यावर फुटलं. सोनेरी पारंब्यांच्या मधे हिरव्या चांदण्या, त्यांच्या मधे पांढरा धमाका. डोळ्यानं बघावं काय? गाणाऱ्यानं मधे श्वास घेतला नाही तर पद कळत नाही, तसं हे झालं.

एकच केक लावा. तो संपला की तीन-चार सेकंद अंधार राहू द्या. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मंडळाचा अध्यक्ष माझ्या अंगावर ओरडला होता, "बंद पडलं का हो?" बंद पडलं नव्हतं. त्या चार सेकंदांत लोकांनी वर बघत श्वास धरला होता, आणि पुढचा औट फुटला तेव्हा मैदानातून जो आवाज उठला, तो आधीच्या दहा औटांना उठला नव्हता. अंधाराला पैसे पडत नाहीत. आमच्या धंद्यात फुकट मिळणारी तेवढीच एक वस्तू आहे, आणि तीच कुणी वापरत नाही.

निळ्याचं कोडंही यातच सुटतं, पण त्याआधी रंग कुठून येतो ते बघू. लाल स्ट्रॉन्शियमच्या क्षारांचा, हिरवा बेरियमचा, पिवळा सोडियमचा, नारिंगी कॅल्शियमचा, निळा तांब्याचा. चंदेरी-पांढरा अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम, टायटॅनियमचा. सोनेरी मात्र लोखंडाच्या किसाचा नाहीतर साध्या कोळशाचा. म्हणजे सोनेरी हा खरं तर रंगच नाही, तापलेल्या कणाचा उजेड आहे, लोहाराच्या भात्यापुढं दिसतो तोच. बाकीच्या रंगांत ज्वाळेतली वाफ चमकते. निळ्याची अडचण अशी, की तांब्याचा जो संयुग-कण निळा चमकतो, तो जास्त उष्णतेत मोडून पडतो. ज्वाळा तापवली तर रंग जातो, थंड ठेवली तर उजेड कमी पडतो. जगातले उत्तम कारागीर या चिमटीत अडकलेत, तेव्हा उदगीरच्या दुकानातल्या मालाला नावं ठेवू नका. तुमच्या हातात आहे ते एवढंच, की निळा औट पांढऱ्या धमाक्याच्या पाठोपाठ लावायचा नाही. पांढऱ्यानं डोळे दिपतात, मग पुढचे काही सेकंद निळा असून नसल्यासारखा. अंधार द्या, डोळे निवू द्या, मग एकटा निळा सोडा. तोच माल वेगळा वाटेल.

हिरव्याबद्दल एक. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये फटाक्यांत बेरियमचे क्षार वापरायला बंदी घातली, 2021 मध्ये तेच पुन्हा बजावलं. बेरियमशिवाय भरदार हिरवा काढणं फार अवघड आहे. म्हणून पूर्वीसारखा पोपटी हिरवा दिसत नाही अशी तक्रार कुणी केली, तर ती दुकानदाराशी करण्यात अर्थ नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर मी कार्यक्रमात हिरव्यावर विसंबतच नाही. लाल, सोनेरी आणि अंधार, एवढ्यावर माझं भागतं.

आणि सोनेरीला कमी लेखू नका. पैठणच्या नाथांनी सोळाव्या शतकात रुक्मिणी स्वयंवर लिहिलं, त्यात लग्नाच्या थाटात शोभेची दारू उडाल्याचं वर्णन आहे. लोक ते वाचून आजच्या रंगीत आतषबाजीचं चित्र डोळ्यापुढं आणतात. पण तेव्हा दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा, फार तर लोखंडाचा कीस. तिच्यातून निघणारा उजेड सोनेरी, नारिंगी आणि पांढुरका. बर्थोले नावाच्या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं 1786 च्या सुमारास पोटॅशियम क्लोरेट तयार केलं आणि पुढं 1830 च्या दशकात इटलीच्या कारागिरांनी त्यातून झगझगीत लाल-हिरवे काढले, तिथून आजचा रंगीत औट सुरू झाला. नाथांच्या काळचा माणूस आज तुमच्या जत्रेत आला, तर लाल-हिरव्यानं बावचळेल, पण पारंब्या बघून म्हणेल, हे मी पाहिलंय.

धुराचा मुद्दा सगळे विसरतात. दिवाळीत आपल्याकडं रात्री वारं पडतं, गार हवा जमिनीलगत बसते आणि धूर जागचा हलत नाही. माघ-फाल्गुनातल्या जत्रेला वारं असतं, पण तेही संध्याकाळी पडतं आणि उशिरा परत सुटतं. दुपारीच माळावर जाऊन मूठभर माती सोडून बघा, आणि उडवायच्या आधी पुन्हा एकदा बघा. लोक आणि औट असे बसवा की वारा लोकांच्या डावीकडून उजवीकडं नाहीतर उजवीकडून डावीकडं जाईल. वारा लोकांच्या तोंडावर आला तर धूरही तोंडावर, जळकी टरफलंही तोंडावर. धूर जास्त करणारा माल, म्हणजे कोळशाच्या पारंब्या, पहिल्यांदा लावू नका. मी एका गावात ही चूक केली. सुरुवातच दणक्यात करायची म्हणून सगळ्या पारंब्या आधी सोडल्या. वारं नव्हतं. पुढची दहा मिनिटं लाल फुलं ढगात वीज चमकावी तशी धुरात फुटत राहिली. गावानं पैसे दिले, पुढल्या वर्षी बोलावलं नाही. बरोबरच केलं त्यांनी.

जागा म्हणाल तर काळं रान नको. आपल्या काळ्या मातीला फाल्गुनापर्यंत भेगा पडतात, केक ठेवला की कलतो, आणि कललेला केक म्हणजे लोकांकडं तोंड केलेली बंदूक. मुरमाड माळ बघा. केकच्या चारी अंगांना विटा नाहीतर वाळूची पोती लावा, इतकी की लाथ मारली तरी हलू नये. आजूबाजूला कडब्याची गंजी, सोयाबीनचं गुळी-भुसकट, उसाचं वाळलेलं पाचट, कापसाचा ढीग कुणाचा आहे का ते आधी फिरून बघा, मालकाला विचारा, आणि असेल तर जागा बदला. गंजीवर ओली ताडपत्री टाकून भागवू नका. पारंब्या खालपर्यंत लोंबतात हे त्यांचं सौंदर्य आहे, आणि तोच त्यांचा धोकाही. त्या कडब्यावर उतरल्या तर त्या शेतकऱ्याची वर्षाची वैरण गेली. पाण्याचा टँकर उभा पाहिजे, आणि त्याचा ड्रायव्हर टँकरपाशी पाहिजे, औट बघायला पुढं गेलेला नको. 2016 च्या दिवाळीत संभाजीनगरला जिल्हा परिषदेच्या मैदानावरचा अख्खा फटाका बाजार जळाला, ते आठवा. एक ठिणगी कुठवर जाते ते तिथं दिसलं.

अंतराचा हिशेब असा. दुकानात मिळणारे छोटे केक साधारण तीस-चाळीस मीटर वर जातात, त्यांच्यासाठी लोक किमान पंचवीस-तीस मीटर मागं, मोकळी जागा असेल तर त्याहून मागं. मोठे औट मात्र तुम्ही हातात घ्यायचेच नाहीत. ते परवानाधारक माणसानं, पोलीस आणि प्रशासनाची परवानगी काढूनच उडवायचे. तरी समजून असू द्या. औटाची जाडी इंचात मोजतात. दर इंचाला अदमासे तीस मीटर उंची. तीन इंची औट नव्वद-शंभर मीटर जातो, सहा इंची एकशेऐंशीच्या आसपास, आणि त्याचं फूल ऐंशीएक मीटर रुंद उमलतं. लोकांचं अंतर दर इंचाला एकवीस मीटर धरतात. सहा इंचीला सव्वाशे मीटरच्या आत कुणी नको. पुढाऱ्याची खुर्चीसुद्धा नको, हे सांगायची हिंमत ज्याच्यात नाही त्यानं हे काम घेऊ नये.

अंतर वाढलं म्हणून मजा जात नाही, उलट वाढते. मान मागं टाकून बघावं लागलं तर जागा चुकली समजा. उंचीच्या दीडपट-दुप्पट लांब बसलेल्या माणसाला फूल सरळ डोळ्यासमोर उमलताना दिसतं. गड्ड्याचं दारूकाम होम मैदानाच्या काठावरून बघणारे आणि लांबच्या गच्चीवरून बघणारे, यांत मला विचाराल तर गच्चीवाले शहाणे. आवाज तेवढा उशिरा येतो. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे फूल दिसल्यापासून आवाजापर्यंत तीन मोजले तर तुम्ही किलोमीटरभर लांब आहात. गाण्यावर औट फोडायची हल्ली टूम आहे. तबल्याच्या थापेवर औटाचा आवाज बसवायला जाल तर फसाल, कारण मैदानातल्या प्रत्येकाला तो वेगळ्या क्षणी ऐकू येणार. थापेवर फूल उमलवा, आवाजाला त्याच्या वाटेनं येऊ द्या. आणि फूल उमलायच्या तीन-चार सेकंद आधी औट जमिनीवरून सुटलेला असतो, तेव्हा वात त्या हिशेबानं.

तुमच्या बजेटमध्ये मी काय केलं असतं? वीस मिनिटांचा हट्ट सोडला असता. सहा-सात मिनिटं पुष्कळ झाली. पालखी मंदिरात गेल्यावर, साडेआठच्या सुमारास, कारण रात्री दहानंतर आवाजाची दारू उडवायला कायद्यानं मनाई आहे. आधी जमिनीवरचे चार भुईनळे, लोकांचं बोलणं थांबेपर्यंत. मग एक, फक्त एक लाल फूल. अंधार. मग चंदेरी केक, सावकाश सुटणारा. मधे पुन्हा भुईनळे, म्हणजे वरचा धूर सरकायला वेळ मिळतो आणि लेकरांनाही समोर बघायला काही राहतं. निळं एकटं. लाल-चंदेरी जोडीनं. आवाजाचे औट दोन-चारच, तेही गावाच्या विरुद्ध अंगाला, कारण गोठ्यातली जनावरं दावं तोडतात आणि दुसऱ्या दिवशी म्हैस दूध देत नाही. शेवटी जेवढ्या पारंब्या परवडतील तेवढ्या एकदम. त्या विझत विझत खाली येतील तेव्हा काहीही लावू नका. टाळ्या संपेपर्यंत नाही, त्या पूर्ण विझेपर्यंत.

फोटोबद्दल विचारलं नाही तरी सांगतो, कारण तुम्ही काढणारच. मोबाइल विटेवर टेकवा, फ्लॅश बंद, झूम नको, प्रो मोडमध्ये आयएसओ शंभर आणि शटर तीन-चार सेकंद. जो फोटो येईल त्यात सगळी फुलं लांब पाकळ्यांची शेवंती दिसतील, ठिपक्यांचं फूलसुद्धा. तो कॅमेऱ्यानं साठवलेला वेळ आहे, तुमच्या डोळ्यानं तसं काही पाहिलेलं नसतं. म्हणून दुकानातल्या डब्यावरचं चित्र बघून माल घेऊ नका, तोही असाच फोटो असतो.

पेटवणारे दोघेच असावेत, सुती कपडे, डोळ्यावर चष्मा, हातात लांब अगरबत्ती. केकवर कधीही वाकायचं नाही, बाजूनं हात लांब करून वात पेटवायची आणि पाठ न फिरवता मागं यायचं. वात जळून गेली आणि काही झालं नाही, तर अर्धा तास त्याच्याजवळ जायचं नाही, मग लांबून बादलीभर पाणी. ज्याला "एकदा बघून येतो" म्हणायची सवय आहे, त्याला या कामावर घेऊ नका.

संपल्यावर रात्रीच बॅटरी घेऊन माळ फिरा, आणि पहाटे उजाडताच पुन्हा फिरा. रात्री दिसत नाहीत असे न फुटलेले तुकडे सकाळी दिसतात, ते पाण्यात बुडवा. लवकर जा. गावातली लेकरं सहालाच पोचतात तिथं.